आजारपणाची बेगमी



बेगमी करणं आपल्या हाडात आहे. उन्हाळा लागला की वर्षाचं तिखट कुटून होतं, डाळी उन्हात पडतात, पापड-सांडगे-कुरडयांनी गच्ची भरून जाते. त्या महिन्यात हातात पैसा उरत नाही. पण चातुर्मासात पालेभाजी बंद होते, बाहेर धो धो पाऊस असतो, तेव्हा डबा उघडला की सांडगे हाताशी असतात. ज्या दिवसांत मिळतं त्या दिवसांतच बाजूला काढून ठेवायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, बघून बघून आलं.

आज मी अशी एक बेगमी सांगणार आहे जी एका मोठ्या शहरानं केलीच नाही. विषय ऐकायला रुक्ष आहे: पोलीस आणि आग विझवणारे जवान यांच्या आरोग्य विम्याचे पैसे शहरानं कसे भरायचे. पण शेवटपर्यंत वाचा. हा विषय फिरून आपल्या घरात आणि आपल्या बस्तीत येतो.

जुन्या वाचकांना माहीत आहे, आम्ही अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो. ह्यांची नोकरी मोटारीच्या धंद्यातली, त्यामुळे इथे आलो आणि इथलेच झालो. पत्ता विचारला की आम्ही सगळे 'डेट्रॉईट' म्हणतो, पण खुद्द डेट्रॉईट शहरात आमच्यातलं क्वचितच कुणी राहतं. घरं ट्रॉयला, नोव्हायला, कँटनला. आपलं मंदिरसुद्धा फार्मिंग्टन हिल्सला आहे, संस्थेच्या नावात मात्र ग्रेटर डेट्रॉईट. उपनगराची नगरपालिका वेगळी, शाळा वेगळ्या, पोलीस वेगळे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलं मोठी झाल्यावर मी एका दवाखान्यात खिडकीवर काम करायला लागले. आलेल्या पेशंटचं विम्याचं कार्ड घ्यायचं, कॉम्प्युटरवर तपासायचं, विमा चालू आहे की नाही बघायचं आणि मग आत पाठवायचं. काम बैठं, पण माणसं कळतात. हिवाळ्यात इथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सूर्यास्ताआधी घरी पोचून जेवायचं म्हणून मी सकाळची पाळी मागून घेतली होती. सकाळी येतात ती सगळी निवृत्त मंडळी.

२०१४ सालचा मार्च महिना मला चांगला आठवतो. त्या महिन्यात कितीतरी कार्डं मशीन घेईना. कार्डावर तारीख ठीक, नाव ठीक, पण पडद्यावर 'विमा बंद' असं यायचं. एक गृहस्थ आले होते. उंच, खांदे रुंद, पण दोन वाक्यं बोलले की दम लागायचा. तीस वर्षांच्या आसपास आग विझवायचं काम केलेलं. वय साठीच्या आतलं. बायकोच्या हातात कागदांची फुगलेली फाईल. मी दोनदा तपासलं आणि हळूच सांगितलं की हे कार्ड आता चालत नाही. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की घरांना आग लागायची तेव्हा आम्ही आधी कार्ड बघत नव्हतो. मग बायकोनं फाईल उघडली आणि आम्ही दोघी नवीन विम्याचा कागद शोधू लागलो.

त्या वाक्यानं मी विचारात पडले. घरी येऊन वाचायला घेतलं. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

१९५० साली डेट्रॉईटची वस्ती साडेअठरा लाख होती. मोटारींच्या कारखान्यांनी शहर गजबजलेलं. नंतर कारखाने बाहेर गेले, माणसं उपनगरात गेली, आणि २०१० च्या जनगणनेत वस्ती सात लाखांच्या थोडी वर उरली. माणसं गेली तसा कर गेला. पण जे पोलीस आणि जवान शहर भरलेलं असताना कामाला लागले होते, ते निवृत्त होऊन म्हातारे होत होते. म्हणजे कमावणारे घटले आणि ज्यांचं देणं होतं ते वाढले. कामावर असलेल्या प्रत्येक माणसामागे शहराला साधारण दोन निवृत्त माणसं सांभाळायची होती.

१८ जुलै २०१३ या दिवशी शहरानं कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज साधारण १,८०० कोटी डॉलर. अमेरिकेत एवढ्या मोठ्या शहराचं एवढं मोठं दिवाळं त्याआधी निघालं नव्हतं. राज्याच्या गव्हर्नरनं केव्हिन ऑर नावाच्या वकिलांना आपत्कालीन व्यवस्थापक नेमलं होतं. त्यांनी हिशेब मांडला तेव्हा एक गोष्ट बाहेर आली. सगळीकडे चर्चा पेन्शनची होती. पेन्शनच्या निधीत त्यांच्या हिशेबानं ३५० कोटी डॉलर कमी पडत होते. पण निवृत्तांच्या आरोग्य विम्याचं देणं होतं ५७० कोटी डॉलर! पेन्शनच्या तुटीहूनही मोठं. आणि त्यासाठी बाजूला काढलेले पैसे? जवळजवळ काहीच नाही.

हे कसं झालं? पेन्शनसाठी दर वर्षी निधीत भर टाकायची पद्धत तरी होती, कमी का असेना. विम्याचं तसं नव्हतं. त्या वर्षी जेवढे हप्ते आले तेवढे त्या वर्षीच्या करातून भरायचे, पुढचं पुढे. आपण याला 'आज आणा, आज खा' म्हणतो. शहर भरलेलं असताना ते खपून गेलं. अमेरिकेतली बहुतेक शहरं असंच करत होती. सरकारी हिशेबाचे नियम ठरवणाऱ्या मंडळानं २००४ साली नवा नियम काढला, तेव्हा कुठे निवृत्तांच्या विम्याचं पूर्ण देणं मोजून हिशेबात दाखवायची सक्ती झाली. तोपर्यंत ती उधारी वहीत नीट लिहिलेलीच नव्हती. घरातली बाई वाण्याची उधारी चिठ्ठीवर तरी लिहून ठेवते हो!

आता तुम्ही म्हणाल, पोलीस आणि आगवाल्यांचं वेगळं काय? नोकरी सगळेच करतात. मलाही तसंच वाटलं होतं. पण तीन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट वयाची. जळत्या घरात शिडी चढणं, पळणाऱ्या माणसामागे धावणं हे साठाव्या वर्षी जमत नाही. म्हणून त्यांची नोकरी वर्षांवर मोजतात. डेट्रॉईटमध्ये पंचवीस वर्षं झाली की निवृत्त होता यायचं, म्हणजे पन्नाशीच्या आतबाहेर. आणि इथे म्हाताऱ्यांसाठी सरकारची जी मेडिकेअर योजना आहे, ती लागू होते पासष्टाव्या वर्षी. मधली पंधरा वर्षं शहराच्या विम्यावरच काढायची. तीच वर्षं गुडघे, पाठ, हृदय आणि फुप्फुसं बोलायला लागण्याची.

दुसरी गोष्ट. इथे बहुतेक सगळ्यांना म्हातारपणी सरकारकडून सोशल सिक्युरिटीची रक्कम मिळते. डेट्रॉईटचे पोलीस आणि जवान त्या योजनेत नव्हते. त्यांची स्वतंत्र पेन्शन होती, तीच काय ती. शिवाय अशा योजनेबाहेरच्या नोकरीत जे १ एप्रिल १९८६ च्या आधी लागले, त्यांच्या पगारातून मेडिकेअरचा करही सक्तीनं कापला जात नव्हता. त्यामुळे पासष्टी गाठली तरी प्रत्येकाला मेडिकेअर आपोआप मिळेलच असं नव्हतं. बायकोच्या नोकरीवर मिळाली तर मिळाली.

तिसरी गोष्ट धुराची. आगीत लाकूडच जळत नाही. प्लॅस्टिक, रंग, गाद्या, वायरी सगळं जळतं आणि ते अंगावर, नाकातोंडात जातं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी जी संस्था आहे, तिनं २०२२ साली आग विझवण्याचं काम हेच कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं, पहिल्या गटात घालून. याचा अर्थ त्या माणसाचं आजारपण योगायोगानं येत नाही. ते कामातून येतं, फक्त उशिरा येतं. पगार महिन्याच्या महिन्याला मिळतो, आजार वीस वर्षांनी.

म्हणून त्यांच्या नोकरीत म्हातारपणचा विमा ही वरची मलई नव्हती. वाटाघाटीत जे ठरलं त्यात आजचा पगार होता आणि उद्याचं औषधपाणी होतं. त्या दोन्हीसाठी माणसानं काम केलं होतं.

मग दिवाळखोरीत हे का टिकलं नाही? इथे कायद्याची एक फट आहे. मिशिगनच्या राज्यघटनेत लिहिलं आहे की सरकारी नोकराची कमावलेली पेन्शन हा करार आहे, ती कमी करता येणार नाही. पण २००५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता की त्या कलमात निवृत्तांचा आरोग्य विमा येत नाही. म्हणजे पेन्शनला निदान कुंपण होतं. ३ डिसेंबर २०१३ ला न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी सांगितलं की दिवाळखोरीत पेन्शनलासुद्धा हात लावता येईल. मग विम्याला कोण विचारतो?

१ मार्च २०१४ पासून शहरानं निवृत्तांचा जुना विमा थांबवला. पासष्टीच्या आतल्यांना सांगितलं की बाजारातून स्वतःचा विमा घ्या, त्यासाठी महिन्याला १२५ डॉलर देऊ. निवृत्त लोक कोर्टात गेले, तेव्हा समझोत्यात काहींची रक्कम वाढली. त्याच वर्षी ओबामांच्या कायद्यानं विम्याचा नवा बाजार सुरू झाला होता आणि आधीचा आजार आहे म्हणून कुणाला नाकारता येत नव्हतं, हे त्यातल्या त्यात नशीब. ज्यांचं उत्पन्न कमी होतं त्यांना केंद्र सरकारची मदत मिळून निभावलं. मधल्यामध्ये सापडले ते वेगळेच: पेन्शन आहे म्हणून मदत थोडी, आणि घरात दोघंही आजारी म्हणून खर्च मोठा. आमच्या खिडकीवर येणारी जोडपी बहुतेक अशीच होती. कुणी गोळी अर्धी करून घ्यायचं, कुणी तपासणी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून पुढे ढकलायचं. कागदावर याची नोंद कुठे होणार?

७ नोव्हेंबर २०१४ ला दिवाळखोरीची योजना मंजूर झाली. पोलीस आणि जवानांची मूळ पेन्शन पूर्ण राहिली. दर वर्षीची सव्वादोन टक्के वाढ मात्र एक टक्क्याच्या आसपास आली. शहराच्या बाकी निवृत्त नोकरांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी कमी झाली आणि वार्षिक वाढ पूर्ण गेली. आणि विमा? दोन विश्वस्त निधी काढले, एक पोलीस-जवानांसाठी आणि एक बाकीच्यांसाठी, आणि दोन्हींना मिळून ४५ कोटी डॉलरची रोखपत्रं दिली. देण्याच्या हिशेबात रुपयाला दहा पैसे. उरलेले नव्वद पैसे ज्याचे त्यानं बघायचे.

यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पेन्शन एवढी वाचली ती कशामुळे? शहराच्या मालकीचं मोठं कलासंग्रहालय आहे. त्यातली चित्रं विकून देणेकऱ्यांचे पैसे भागवायचे का, असा प्रश्न आला. तेव्हा देशभरातल्या धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय स्वतः पुढे आले. वीस वर्षांत मिळून ८१.६ कोटी डॉलर द्यायचं ठरलं. चित्रं वाचली, पेन्शनची कपात कमी झाली. फार चांगलं झालं. मी मुलांना घेऊन त्या संग्रहालयात गेले आहे. दिएगो रिव्हेरानं १९३२-३३ साली रंगवलेल्या कारखान्याच्या भिंती तिथे आहेत. त्यात एका चौकटीत लहान मुलाला लस टोचतानाचं चित्र आहे. पण त्या ८१.६ कोटींतला पैसा पेन्शनसाठी होता, विम्यासाठी नव्हता. चित्रांसाठी धावून येणारे होते. दम लागणाऱ्या माणसाच्या औषधासाठी तसं कुणी आलं नाही. आजारपण भिंतीवर टांगता येत नाही ना!

शहराची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. ऑर यांच्या अहवालात लिहिलं होतं की शहरातले चाळीस टक्के रस्त्यावरचे दिवे बंद आहेत. अत्यंत तातडीचा फोन आला तरी पोलीस पोचायला सरासरी ५८ मिनिटं लागतात. २०१२ साली शहराच्या उत्पन्नातले अडतीस टक्के जुन्या देण्यांत जात होते, म्हणजे कर्जाचे हप्ते, पेन्शन आणि निवृत्तांचा विमा. २०१७ पर्यंत ते पासष्ट टक्क्यांवर जाणार होते. अंधाऱ्या गल्लीत आजही कुणी आजी राहते, तिलाही पोलीस हवाच. निवृत्त जवानाला द्यायचं की नव्या जवानाला गाडी द्यायची? कोणतीही बाई सांगेल की असा प्रश्न एका दिवसात उभा राहत नाही. चाळीस वर्षं डबा रिकामा ठेवला तर तो असा समोर येतो, आणि मग कुणीतरी उपाशी राहणारच असतं.

हे एकट्या डेट्रॉईटचं नाही. कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन शहरानं २०१२ च्या जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथे पेन्शन पूर्ण राखली, पण निवृत्तांचा आरोग्य विमा पूर्ण बंद केला. ५० कोटी डॉलरहून मोठं देणं ५१ लाख डॉलर एकरकमी देऊन मिटवलं. निवृत्त लोक कोर्टात गेले, पण कोर्टानं शहराला अडवलं नाही. इथेही तेच: आधी विमा गेला.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण न्यूयॉर्कचं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात तिथले ३४३ अग्निशमन जवान एका दिवसात गेले. पण त्या धुळीत पुढे महिनोन् महिने काम केलेले हजारो पोलीस आणि जवान आजारी पडत राहिले. त्या आजारांनी गेलेल्या जवानांची संख्या आता ३४३ च्या पुढे गेली आहे. जेम्स झड्रोगा हे तिथले पोलीस अधिकारी २००६ साली वारले. त्यांच्या नावानं कायदा झाला, २०११ च्या जानेवारीत त्यावर सही झाली आणि २०१५ साली त्याची मुदत २०९० पर्यंत वाढवली. आजारी माणसांची तपासणी आणि उपचार त्यातून होतात. खर्चाचा मोठा भाग केंद्र सरकारचा, आणि दहा टक्के न्यूयॉर्क शहराचे. मला या कायद्यातली ही दहा टक्क्यांची ओळ आवडते. कुणी किती द्यायचं ते लिहून ठेवलं आहे आणि कधीपर्यंत तेही लिहिलं आहे. ज्या मुलानं त्या वेळी विशीत मलबा उचलला, तो शंभरीला पोचला तरी कायदा उभा आहे. हेही सहज मिळालं नाही. आजारी माणसांना ऑक्सिजनची नळी लावून राजधानीत खेटे घालावे लागले.

आता आपल्याकडे येते. महाराष्ट्रात पोलीस राज्य सरकारच्या गृहखात्याचे, त्यामुळे त्यांचा पगार आणि औषधपाणी राज्याच्या तिजोरीतून. शहरातलं अग्निशमन दल मात्र महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं. म्हणजे तुमच्या गल्लीत सिलिंडर पेटला तर जो माणूस आत शिरतो, त्याच्या उपचाराची सोय तुमच्या घरपट्टीशी बांधलेली आहे. दर वर्षी १४ एप्रिलला आपण अग्निशमन सेवा दिन पाळतो. १९४४ साली त्या तारखेला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला आणि आग विझवताना ६६ जवान गेले. गेलेल्यांना आपण फूल वाहतो ते योग्यच. जे वाचतात आणि खोकत खोकत निवृत्त होतात त्यांच्यासाठी कोणत्या तारखेला काय करायचं ते ठरलेलं नाही.

आपल्या घरात लहानपणापासून चार दानं ऐकली: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. मी खूप दिवस या सगळ्याकडे औषधदान म्हणूनच बघत होते. बिचाऱ्यांना कुणीतरी मदत करायला हवी, असं. पण विचार केला तेव्हा लक्षात आलं की दान आणि देणं यात फरक आहे. ज्यानं आपल्या दारात उभं राहून अभय दिलं, त्याचं औषध आपण देतो तेव्हा ते दान नसतं. ते त्याच्या मजुरीतलं राहिलेलं असतं. दान दिल्याचं पुण्य मिळतं. देणं दिल्याचं पुण्य नाही, पण राहिलं तर पाप आहे. आणि देणं फेडायला दानाची वाट बघायची नसते, त्याचा पैसा आधीच बाजूला काढायचा असतो.

ही गोष्ट मला शहरांपेक्षा आमच्या गावानं जास्त पटवली. गावातल्या बस्तीत एक पंडित होते. तीस वर्षं पहाटे उठून अभिषेक, पूजा, पर्युषणात दिवसभर उभं राहणं. हातात मानधन, तेही कमी. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं तेव्हा समाजानं पट्टी काढली. पैसे जमले, ऑपरेशन झालं, माणूस वाचला. मग दात्यांची नावं फळ्यावर लागली. पंडितांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणतो. त्या फळ्याजवळून जाताना खाली बघून जायच्या. मी सुट्टीत गेले होते तेव्हा त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, उपकार आहेतच सगळ्यांचे. पण ह्यांनी तीस वर्षं काहीच केलं नाही असं वाटतं बघ तो फळा वाचला की."

आमच्या काकूंनी महिला मंडळात हा विषय काढला. त्यांना डेट्रॉईट ठाऊक नाही, पण हिशेब पक्का. त्या म्हणाल्या, दिवाबत्तीचा खर्च दर वर्षी लिहितो, रंगाचा लिहितो, मग पंडितांच्या आजारपणाचा रकाना का नाही? आता तिथे दर वर्षी पर्युषणाच्या आधी नव्या पंडितांच्या, त्यांच्या घरच्यांच्या आणि बस्तीच्या रखवालदाराच्या विम्याचा हप्ता भरतात. वार्षिक हिशेबात तो दानाच्या पानावर नाही, पगाराच्या पानावर आहे. फळ्यावर कुणाचं नाव नाही. वहिनींनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता.

डेट्रॉईटलाही थोडं शहाणपण आलं आहे. दिवाळखोरीनंतर काही वर्षं पेन्शन निधीत शहराला मोठी भर टाकायची नव्हती, पण नंतर ती पुन्हा सुरू होणार होती. त्या दिवसासाठी शहरानं आधीपासून वेगळा निधी साठवायला घेतला. म्हणजे पेन्शनची बेगमी सुरू झाली. ज्यांचा विमा गेला त्यांचा तसा परत आला नाही.

आणि आम्ही उपनगरातले? शहराच्या नावानं ओळखले जातो, विमानतळावर डेट्रॉईटला उतरतो, खेळ बघायला शहरात जातो, गाडी बंद पडली तर तिथलाच पोलीस मदतीला येतो. त्याच्या म्हातारपणाचं बिल मात्र आमच्या नगरपालिकेच्या हद्दीबाहेर. कायद्यानं ते बरोबर आहे. मनाला बरोबर वाटत नाही. म्हणून आमच्या गावाच्या नगरपालिकेचा अर्थसंकल्प येतो तेव्हा मी आता जाऊन बसते. तीन मिनिटं बोलायला मिळतात. मी एकच प्रश्न विचारते: आपल्या पोलिसांना आणि जवानांना जो विमा कबूल केला आहे, त्यासाठी या वर्षी किती बाजूला टाकले? पहिल्या वर्षी सभेतले लोक माझ्याकडे बघत राहिले. आता खजिनदार आकडा तयार ठेवून येतात.

तुम्हाला सभेला जायला जमेल असं नाही. पण तीन ठिकाणी विचारता येईल. तुमच्या नगरपालिकेच्या नगरसेवकाला विचारा की अग्निशमन दलाच्या माणसांचा विमा आहे का, कंत्राटी जवानांना आहे का, निवृत्त झाल्यावर काय. तुमच्या बस्तीच्या विश्वस्तांना विचारा की पंडित, रखवालदार, झाडणाऱ्या मावशी यांच्या आजारपणाचा रकाना वहीत आहे का. आणि घरात बघा. ज्या मावशी वीस वर्षं तुमच्याकडे भांडी घासतात, त्यांच्या नावाचा एक डबा ठेवा आणि महिन्याच्या पगाराबरोबर त्यात थोडे टाका. त्यांना सांगून टाका, म्हणजे त्यांना मागायला यावं लागणार नाही. आजारपण आल्यावर पाचशेची नोट हातावर ठेवण्यापेक्षा हे बरं.

तुमच्या गावच्या बस्तीत काय पद्धत आहे ते जरूर लिहून कळवा. चांगली असेल तर मी पुढच्या लेखात सगळ्यांना सांगेन.

जय जिनेंद्र!